तासाला तास

इतिहास म्हणजे काय, या प्रश्नावर थोरथोर विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहून ठेवले आहेत. आम्हां बँकवाल्यांना मात्र त्याची व्याख्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि ती अवघी तीन शब्दांची आहे : 'मागील पानावरून पुढे'. खातेवहीचं पान भरलं की तळाची शिल्लक पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहायची. मग मागलं पान पिवळं पडो की त्याला वाळवी लागो. शिल्लक पुढे गेली की झालं. ज्याची पुढे न्यायची राहिली त्याचं खातं बुडालं. मोहेंजोदडोचं हेच झालं. तिथल्या कारकुनांनी शिक्के भरपूर उमटवले, पण त्या अक्षरांचा अर्थ पुढच्या पानावर कुणी ओढला नाही. आज जगातले विद्वान त्या शिक्क्यांकडे बघत बसले आहेत, आणि हिशेब काही लागत नाही.

मी बँकेत चिकटलो तेव्हा खातेवह्या निवृत्तीला आल्या होत्या. आता शिल्लक न्यायची होती ती पानावरून पडद्यावर. साहेबलोक या कामाला 'मायग्रेशन' म्हणत. आम्ही कारकून 'उतरवणं' म्हणत असू. मोठा गुणी शब्द आहे हा. पूर्वी लोक पोथी उतरवून घेत, शाळेत पोरं शेजारच्याचं गणित उतरवून घेतात, आजी नातवाची नजर उतरवते. आणि अलीकडे मध्यमवर्गीय घरांत आणखी एक गोष्ट उतरवायची शिल्लक राहिली आहे. ती माळ्यावर आहे.

माळ्यावर चढून बघा. पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर आणि मोडलेली पाळण्याची कडी यांच्या पलीकडे एक रेक्झिनची बॅग असते. उत्खननवाल्यांना जमिनीत थर सापडतात तसे तिच्यात कॅसेटींचे थर सापडतात. सगळ्यांत खाली व्ही.एच.एस. युग : विटेच्या आकाराच्या काळ्या कॅसेटी आणि त्यांवर लग्नपत्रिकेतला मजकूर जसाच्या तसा. त्याच्या वर व्हिडिओ-एटचं युग : आकार गाण्यांच्या कॅसेटएवढा. त्याच्याही वर मिनी-डीव्हीचं युग : काडेपेटीहून जराशीच मोठी आणि पाव इंच रुंदीच्या फितीची चिमुकली कॅसेट. सगळं आहे. फक्त ते बघायचं यंत्र नाही. म्हणजे लॉकर आपला, आत दागिनेही आपलेच आणि किल्ली मात्र बनवायची बंद झालेली.

ही किल्ली कशी घडली आणि कशी हरवली त्याची बखर सांगण्याचं योजलं आहे.

हलती चित्रं टिपण्याचं वेड आपल्याकडे ज्यांनी आणलं ते गृहस्थ मराठीच होते, हे सांगताना ऊर भरून येतो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि सावेदादांच्या डोक्यात किडा शिरला. त्यांनी विलायतेहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला. आता गिनी म्हणजे २१ शिलिंग, २१ गिनींचे झाले ४४१ शिलिंग, म्हणजे २२ पौंड आणि वर एक शिलिंग. तेव्हाच्या पंधरा रुपये भावानं सुमारे ३३० रुपये. (बी.कॉम. माणसाला इतिहास सांगायला बसवलं की हे असं होतं. चालवून घ्यावं.) त्या कॅमेऱ्यानं सावेदादांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांचं स्वागतही टिपलं. फीत धुवायला मात्र विलायतेला धाडावी लागे. म्हणजे कुस्ती मुंबईत, फीत बोटीत आणि पैलवान चितपट झाला तो लंडनला! ती परत येईपर्यंत हरलेल्या पैलवानाला पुन्हा तालीम करून दुसरी कुस्ती जिंकता आली असेल. आणि एवढ्या खटाटोपानंतरची ती फीत आज उरलेली नाही. आपल्या पहिल्या हलत्या चित्राची शिल्लक पुढच्या पानावर आलीच नाही. इथून आमच्या बखरीला सुरुवात होते.

पुढची उडी थेट शिकागोला. साल १९५६, महिना एप्रिल. नभोवाणी-दूरचित्रवाणीवाल्यांचं अधिवेशन भरलं होतं. एका वक्त्याचं भाषण झालं, टाळ्या पडल्या, वक्ता जागेवर बसला. आणि दोन मिनिटांत तोच वक्ता पडद्यावर तेच भाषण पुन्हा करू लागला! आपल्याकडे वक्त्यानं तेच भाषण पुन्हा करणं हा काही चमत्कार नव्हे. पण तिथले लोक उठून उभे राहिले. अँपेक्स कंपनीनं चित्र चुंबकीय फितीवर साठवून दाखवलं होतं. चार्ल्स गिन्सबर्ग हे त्या मंडळाचे म्होरके, आणि हाताखाली एक कोवळा पोरगा होता. त्याचं नाव रे डॉल्बी. पुढे जगातल्या निम्म्या टेपरेकॉर्डरांवर आणि थिएटरांवर हे नाव झळकलं.

यात खुबी काय होती ती सांगतो. आवाज साठवायला फीत सावकाश सरकली तरी चालते, पण चित्रात माहिती इतकी ठासून असते, की फीत वाऱ्यासारखी पळवावी लागते. बी.बी.सी.नं खरंच तसं एक यंत्र केलं होतं. त्यात फीत सेकंदाला २०० इंच पळे आणि भलंमोठं रीळ पंधरा मिनिटांत संपे. अँपेक्सवाल्यांनी डोकं चालवलं. म्हणजे अक्षरशः डोकंच चालवलं. फितीला निवांत सेकंदाला १५ इंच जाऊ दिलं आणि चित्र उमटवणारी चार 'डोकी' एका चाकावर बसवून ते चाक मिनिटाला १४,४०० वेळा गरगर फिरवलं. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाइकांची रांग पळवण्याऐवजी त्यांनी कारकुनाला गरगर फिरवलं. (आमच्या वरिष्ठांना ही कल्पना अँपेक्सच्याही आधी सुचली असावी असा माझा संशय आहे.)

चित्र साठलं, पण ते कापायचं कसं? सिनेमाची फीत उजेडात धरली की चित्र दिसतं. चुंबकीय फीत कुठेही धरा, ती आपली काळी नाहीतर तपकिरी. तेव्हाचे संकलक त्या फितीवर लोखंडाचा बारीक कीस घातलेलं द्रावण लावत, म्हणजे चुंबकीय रेघा उमटत. मग भिंगातून बघून नेमक्या रेघेवर दाढीचं पातं फिरवत. एक केसभर चूक झाली की पडद्यावरचं चित्र गडगडलंच. आज कॉम्प्युटरवर बोटानं कापाकापी करणाऱ्या पोरांनी या पात्याला दसऱ्याला हळदकुंकू वाहायला हरकत नाही.

फीत महाग होती, पण पुसून पुन्हा वापरता येत होती. आणि इथेच घात झाला. बी.बी.सी.नं आपल्याच लोकप्रिय 'डॉक्टर हू' मालिकेच्या फिती पुसल्या. तिचे नव्वदहून अधिक भाग आजही सापडत नाहीत. पण यावर कडी केली ती नासानं. जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. जगानं जे धूसर चित्र पाहिलं त्याहून स्वच्छ चित्र मूळ फितींवर नोंदलं गेलं होतं. पुढे त्या फितींचा शोध सुरू झाला आणि २००९ साली अहवाल आला, की पुढच्या वर्षांत फितींचा तुटवडा पडला तेव्हा इतर हजारो फितींबरोबर त्याही बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या!

लोकांनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्या पुसण्याच्या कागदावर सही करणाऱ्या अज्ञात कारकुनाविषयी आपुलकी वाटते. त्याच्यासमोर दोन आकडे असणार : लागणाऱ्या फिती इतक्या, कोऱ्या फिती तितक्या. फितीची किंमत खतावणीत होती. चंद्रावर पडलेल्या पहिल्या पावलाला खतावणीत खातंच नव्हतं. ज्याला खातं नाही त्याला शिल्लक नाही, आणि ज्याला शिल्लक नाही ते पुढच्या पानावर जात नाही.

आणि आपण तरी नासाला का हसावं? १९७६ साली जपानात जे.व्ही.सी. कंपनीनं व्ही.एच.एस. काढलं, १९८२ च्या एशियाडच्या निमित्तानं आपल्याकडे रंगीत टी.व्ही. आला, आणि पाठोपाठ व्ही.सी.आर. नावाचं वजनदार यंत्र घरोघर आलं. त्या कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा दात असे. तो मोडून टाकला की कॅसेट पुसली जात नसे. पण वस्तू आपल्या हातानं मोडायची, हे मध्यमवर्गीय माणसाला झेपत नाही. दात शाबूत राहिले. परिणाम असा, की माझ्या थोरल्या बहिणीच्या डोहाळेजेवणाच्या कॅसेटीवर आमच्या मेहुण्यांनी १९९६ सालच्या विश्वचषकाचा कलकत्त्याचा उपांत्य सामना टिपला. तो सामना आठवतो ना? प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. म्हणजे डोहाळेजेवणही गेलं आणि सामनाही पुरा झाला नाही. बहीण हा विषय आजतागायत पुढच्या पानावर ओढते आहे.

घरगुती कॅमेऱ्याचा अवतार १९८३ चा. सोनीचा 'बेटामूव्ही'. कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात, खांद्यावर घ्यायचं. त्यात एकच गंमत होती : त्याला चित्र घेता येई, दाखवता येत नसे. ते दाखवायला घरचं यंत्र लागे. म्हणजे ठेवी घेणारी आणि परत न देणारी पतपेढीच. पुढच्याच वर्षी जे.व्ही.सी.नं छोट्या कॅसेटीचा कॅमेरा आणला, १९८५ ला सोनीचा आठ मिलिमीटरचा 'हँडीकॅम' आला, आणि जगातल्या समस्त मामा-काकांच्या उजव्या हाताला एक पट्टा कायमचा चिकटला.

आमच्या घराण्यात हा पट्टा प्रथम अमेरिकेहून आला. १९९२ साली मामेभाऊ न्यू जर्सीहून आला आणि त्यानं आजीचं चित्रण केलं. आजीला वाटलं हा फोटो काढतोय. ती पाऊण तास न हलता बसली. पण ती कॅसेट त्यानं मोठ्या प्रेमानं व्ही.एच.एस.वर उतरवून पाठवली तेव्हा आमच्या व्ही.सी.आर.वर आजी रंगहीन होऊन खालून वर गडगडत जाऊ लागली. कारण अमेरिकेचं चित्र ५२५ रेघांचं आणि सेकंदाला जवळजवळ ३० चौकटींचं, आपलं ६२५ रेघांचं आणि २५ चौकटींचं. त्यांच्या पद्धतीचं नाव एन.टी.एस.सी., आपलीचं पाल. "तिकडचं पाणीच वेगळं," असं म्हणून आजीनं विषय संपवला. तांत्रिक दृष्ट्या याहून सोपं स्पष्टीकरण मी अद्याप वाचलेलं नाही.

शिवाय या सगळ्या जुन्या फितींना एक असाध्य रोग होता. प्रतीवरून प्रत काढली की चित्र थोडं फिकं होई. तिसऱ्या प्रतीला नवरा ओळखू येई, चौथीला फक्त मुंडावळ्या. कारण फितीवर असे ती लहर, आणि लहर उतरवताना थोडी सांडतेच. दर पानाला शिल्लक पुढे नेताना चार आणे गळावेत तसं. ऑडिटर अशा वेळी घरी पाठवतो.

त्यावर औषध आलं १९९५ साली : डीव्ही. यात चित्राची लहर नाही, आकडे. शून्य आणि एक. आकडा हा प्राणी मला लहानपणापासून आवडतो. तो उतरवताना सांडत नाही. सातवरून सात लिहिला की सातच राहतो, शंभराव्या पानावरही. आणि हे आकडे कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरात ओतायला एक वायर आली. तिची तऱ्हा आपल्याकडच्या माणसासारखी, घरात बंडू, दाखल्यावर वसंत आणि हपिसात व्ही.जी. ॲपलवाले तिला 'फायरवायर' म्हणत, सोनीवाले 'आय-लिंक' आणि सरकारदरबारी नाव 'आय.ई.ई.ई. १३९४'. १९९९ च्या ऑक्टोबरात ॲपलनं 'आयमॅक डीव्ही' नावाचा कॉम्प्युटर आणि सोबत 'आयमूव्ही' हा कार्यक्रम आणला, आणि घरबसल्या सिनेमा कापायची सोय झाली. फक्त एक लहानशी अडचण. डीव्हीच्या एका तासाला सुमारे १३ जी.बी. जागा लागते, आणि त्या कॉम्प्युटरचं सबंध पोट होतं १० जी.बी.चं. म्हणजे पाऊण लग्न मावे. सप्तपदीतल्या पाच पावलांवर थांबावं लागे.

आणि आता या बखरीतला मुख्य मुद्दा. कॉम्प्युटर दर वर्षी वेगवान झाला, डिस्क हजार पटींनी फुगली. पण कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला किती वेळ लागतो? एका तासाच्या कॅसेटला एक तास. १९९९ ला एक तास, आजही एक तास. सावेदादांची फीत बोटीनं गेली, आपली वायरीनं जाते. पण ती निघते तिच्या स्वतःच्या चालीनं. तिला घाई चालत नाही. साहेबाचा फोन आला तरी चालत नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरी हे काम निघालं त्याला कारण आईची पंचाहत्तरी. मेहुण्यांनी २००१ ते २००६ या काळात टिपलेल्या मिनी-डीव्हीच्या ३१ कॅसेटी. त्यांतून वीस मिनिटांचा चित्रपट करून हॉलवर दाखवायचा, असा ठराव झाला. चिरंजीव पंधरा वर्षांचे, संकलनात वाकबगार. त्यांना वाटलं दोन तासांत संपेल. मी त्यांना ३१ तासांचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी मला आधी शाळेत पुन्हा घालण्याची भाषा केली आणि मग इंटरनेटवर खात्री करून घेतली.

यंत्रसामग्री जमवणं हा स्वतंत्र अध्याय. किल्ल्या खरंच संपत चालल्या आहेत. व्ही.सी.आर. बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै २०१६ मध्ये थांबली. नव्या लॅपटॉपांना फायरवायरचं भोक नसतं, आणि ज्या ॲपलनं तिचं बारसं केलं त्यांनीच २०२५ च्या नव्या प्रणालीतून तिला नारळ दिला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहालयानं तर २०१५ सालीच दवंडी पिटली होती, की २०२५ पर्यंत फिती उतरवून घ्या, पुढे यंत्रं मिळायची नाहीत. त्यात आपला पावसाळा. फितीला दमट हवेत बुरशी धरते. लोणच्याला धरली तर वरची काढून टाकता येते, फितीला धरली तर ती यंत्राच्या डोक्याला लागते आणि पुढच्या कॅसेटीलाही भोवते.

शेवटी एक वृद्ध डेस्कटॉप मिळाला. त्यात जुन्या बाजारातून आणलेलं फायरवायरचं कार्ड बसवलं. मेहुण्यांच्या कॅमेऱ्याची डोकी साफ करून घेतली. एकेक कॅसेट आधी शेवटपर्यंत पळवून पुन्हा मागे घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं अंग आखडून बसलेली फीत मोकळी होते. बॅटरीवर न विसंबता कॅमेरा विजेला जोडला. डिस्कचं रूपही तपासलं, कारण जुन्या पद्धतीच्या डिस्कवर एक फाइल ४ जी.बी.च्या वर वाढत नाही, आणि डीव्ही तेवढी मजल वीसेक मिनिटांत गाठते. मग चिरंजीवांनी बटण दाबलं, आणि काय सांगू, कॅमेरा आपोआप सुरू झाला! त्याच वायरीतून कॉम्प्युटर कॅमेऱ्याला 'चल' आणि 'थांब' सांगतो. फक्त मधे कुणी लुडबुड करायची नाही. कॉम्प्युटरला दुसरं काम सांगितलं तर चौकटी गळतात. तेव्हा घरात मुंजीच्या मुहूर्तासारखी शांतता. आणि तासभर करायचं काय? तर पडद्यावर जे उमटतंय ते बघायचं.

वाचकहो, खरं सांगा, आपण या कॅसेटी कधी बघितल्या होत्या? टिपल्या त्या दिवशी पाच मिनिटं, मग बॅग, मग माळा. वीस वर्षांत पहिल्यांदाच, निव्वळ यंत्राला घाई चालत नाही म्हणून, आमचं सगळं घर स्वतःचं आयुष्य सलग बघत बसलं.

बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली. कॅसेटींतून ते होते, पण कॅमेरा समोर आला की ते पासपोर्टच्या फोटोला उभे राहिल्यासारखे ताठ होत. मेहुणे म्हणत, "बाबा, काहीतरी बोला." बाबा म्हणत, "काय बोलू?" एवढेच काय ते संवाद. नऊ कॅसेटींत बाबा चार वेळा "काय बोलू?" म्हणाले होते.

दहावी कॅसेट २००४ ची. त्यात मेहुण्यांनी कॅमेरा दिवाणावर ठेवला आणि बंद करायचे राहिले. पडद्यावर टेबलपंख्याचा एक पाय आणि कॅलेंडरचा खालचा कोपरा. चिरंजीव म्हणाले, "बाबा, ही अकरा मिनिटं उडवू? नुसता पंख्याचा पाय आहे."

"थांब," आई म्हणाली.

पाय पंख्याचा होता, आवाज बाबांचा. समोर भाचा होता, तेव्हा सहा वर्षांचा, आणि बाबा त्याला दिडकी शिकवत होते. पावकी-निमकी-दिडकी ही त्यांच्या पिढीची कमाई. मला ती त्यांनी शिकवली नाही, कारण मी कॉमर्सला जाणार होतो आणि तिथे कॅल्क्युलेटर मिळतो. भाचा विचारत होता, "आजोबा, दीड म्हणजे किती?" बाबा म्हणाले, "म्हणजे तुझ्या पानातली एक पोळी आणि माझ्या पानातली अर्धी." मग त्यांनी सुरात दिडकी म्हणायला सुरुवात केली. मागे स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, खाली कुणीतरी रद्दीवाल्याला हाक मारत होतं. बाबा बारापर्यंत आले आणि तिथून थेट चौदावर गेले.

"तेरा दिडं साडेएकोणीस," आई पडद्याकडे बघत म्हणाली. "गाळलं. नेहमी गाळायचे." मग जरा वेळानं, "उतरलं का रे सगळं? मग परत लाव."

आता ते फितीवर नव्हतं, आकड्यांत होतं. कितीदाही लावलं तरी झिजणार नव्हतं. चार वेळा लावलं.

मग चित्रपटाचं सगळं अंदाजपत्रकच बिघडलं. चिरंजीवांनी एक शब्द न बोलता वीस मिनिटांतली अकरा पंख्याच्या पायाला दिली. उरलेल्या नऊ मिनिटांत मुंज, बारसं, दोन लग्नं आणि महाबळेश्वर बसवलं. हॉलवर पंख्याचा पाय दिसायला लागला तेव्हा मागल्या रांगेतून "प्रोजेक्टर गेला, प्रोजेक्टर" असा गलका झाला आणि एक उत्साही गृहस्थ त्याला थापटायला उठलेही. पण दिडकी सुरू झाली आणि पुढच्या रांगेतली सत्तरीची मंडळी हलली. एक आत्या पुटपुटायला लागली, मग शेजारचे काका. सहा-सात दिडं होईतो निम्मा हॉल सुरात होता. बाबांनी तेरा गाळलं, तेव्हा पंधरा-वीस म्हाताऱ्या गळ्यांनी "साडेएकोणीस" एकदम भरून काढलं. भाचा आता सत्तावीस वर्षांचा आहे, बेंगळूरला नोकरीला असतो. तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आला.

हल्ली फोनवर चित्रण होतं. ते जन्मतःच आकड्यांत असतं, उतरवायची यातायात नाही, हजार तासांचं चित्रण क्षणात इकडून तिकडे जातं आणि कुणी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. फितीनं निदान हातात हात घालून एक तास बसवलं तरी. नासाच्या त्या कारकुनाला जर कुणी म्हटलं असतं, की बाबा रे, पुसण्याआधी एकदा ती फीत पूर्ण बघ, तासाला तास, तर त्याची सही झाली असती असं मला वाटत नाही. बँकेतही नियम आहे : खातं बंद करण्यापूर्वी शिल्लक तपासावी. म्हणून म्हणतो, माळ्यावर चढा. मूळ फाइल आकसू नका, तशीच ठेवा. एक प्रत स्वतःकडे आणि एक बहिणीकडे. म्हणजे एका घरी पाणी शिरलं तरी दुसऱ्या घरी शिल्लक राहते. मात्र मेहुण्यांकडे क्रिकेटच्या मोसमात देऊ नका.

पंचाहत्तरी पार पडली, तरी आमच्याकडचं काम चालूच आहे. एकोणीस कॅसेटी उतरल्या, बारा उरल्या. म्हणजे बारा तास, असा माझा बी.कॉम.चा हिशेब होता. आईनं तो ताबडतोब दुरुस्त केला. ती प्रत्येक कॅसेट उतरताना एकदा पुरी बघते आणि उतरल्यावर निम्मी परत लावायला लावते. बारा दिडं अठरा.